रविवारची घरगाडी

अंबूबाई फडतरे सांगलीत आमच्या शेजारी राहायला आल्या ते सत्तेचाळीस साल. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. अंबूबाई मूळच्या रहिमतपूरकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. बोलायला मोकळ्या, पण पहिले सहा महिने त्या अंगणाबाहेर पाऊल टाकीत नसत. लग्नानंतर वर्षभरातच नवरा लढाईवर गेला आणि साडेपाच वर्षांनी परत आला. मधली सारी वर्षं त्यांनी सासरचं घर, विहीर आणि शेत या तिन्हींच्या मध्ये काढली होती. मूलबाळ नव्हतं.

त्यांचे यजमान लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होते. इजिप्तपासून इटलीपर्यंत त्यांनी जखमी सैनिकांची गाडी चालवली होती. लढाई संपल्यावर ते सांगलीत तेलइंजिनांच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. माणूस अबोल. लढाईबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "लय धूळ होती," आणि गप्प बसायचे.

ते लढाईबद्दल बोलत नसत, पण एक दिवस त्यांनी लढाईचा तुकडाच दारात आणून उभा केला. सैन्याच्या जुन्या गाड्यांचा पुण्याला लिलाव झाला होता. त्यात त्यांनी अगदी तसलीच एक गाडी घेतली. उंच, चौकोनी, मागे दोन दारं. अंगावरचं लाल फुलीचं चिन्ह रंगाखाली दडवलेलं, तरी उन्हात ते पुसट दिसायचं. अख्खी गल्ली बघायला जमली. अंबूबाई मात्र उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"आवं, ह्यात माणसं मेली असतील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"मेली बी असतील, जगली बी असतील," लालासाहेब म्हणाले. "अंबू, साडेपाच वरसं असल्याच गाडीत ऱ्हायलो मी. तवा वंगाळ कामाला वापरली. आता जरा चांगल्या कामाला वापरू."

चांगलं काम म्हणजे काय, ते महिनाभरात कळलं. गाडीच्या आत जखमींना निजवायच्या चार फळ्या होत्या, दोन खाली, दोन वर. खालच्या दोन त्यांनी ठेवल्या आणि त्यांवर गोधड्या घातल्या. वरच्यांपैकी एकीची मांडणी केली, डबे घसरू नयेत म्हणून तिला कड लावली. एका कोपऱ्यात स्टो बसवला, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची पितळी घागर लाकडी कड्यात अडकवली. खिडकीला अंबूबाईंनी आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवला. गल्लीतल्या लोकांनी तिला नाव ठेवलं, घरगाडी.

शनिवारी दुपारी कारखान्याचा भोंगा झाला की लालासाहेब घरी येत, हात धूत आणि म्हणत, "चल." पेट्रोल कूपनावर मिळायचं, त्यामुळे लांब जायची सोयच नव्हती. कधी हरिपूर, कधी नांद्र्याच्या पुढे, कधी दंडोबाच्या डोंगराखाली. आठ-दहा कोसांच्या आत एखादं झाड, एखादं पाणी बघायचं, गाडी उभी करायची, आणि रविवारी दिवस मावळेपर्यंत तिथंच राहायचं. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, बाजार नाही. नुसतंच जायचं! आमच्या गल्लीला हे पटायला फार दिवस लागले.

एकदा त्यांनी मलाही नेलं होतं, हरिपूरला. कार्तिक महिना होता. वारणा आणि कृष्णा जिथे मिळतात, तिथून थोडं वर चिंचेखाली गाडी उभी केली होती. मागची दोन्ही दारं उघडी. मी फळीवर पाय वर घेऊन बसले होते. नदीवरून परतलेलं ऊन दारातून आत येत होतं आणि गाडीच्या छतावर हलत होतं, जणू छतालाच पाणी सुटलंय. पलीकडच्या काठावर उसाला तुरे आले होते. वारा आला की सगळा काठच एका बाजूला कलायचा आणि पुन्हा सावकाश उभा राहायचा. स्टोवर चहा उकळत होता. मला वाटलं, आपण थांबलो आहोत आणि नदी, ऊस, तो काठ, हे सगळंच घेऊन कुणीतरी हळूहळू निघालं आहे.

अंबूबाई पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "बाई, घर म्हंजी एका जागी बसतंय, आन् आपुन त्याच्यामागं ऱ्हातो. ह्ये घर मातुर आपल्याला घिऊन पान्यापाशी येऊन बसतंय. मला आजून खरं वाटत न्हाई. कवा कवा वाटतं, मी विहिरीवर घागर भरतीया आन् ह्ये समदं मला दिसतंय."

त्या हिवाळ्यानंतर लालासाहेबांनी त्यांना गाडी चालवायला शिकवायचं ठरवलं. कुपवाडचा माळ तेव्हा मोकळा होता. मेंढरं आणि बाभळी सोडल्या तर धडकायला काही नव्हतं. अंबूबाई पदर खोचून बसत, पाय जेमतेम पोचत, म्हणून पाठीशी गोधडीची घडी.

"क्लच हळू सोड," लालासाहेब सांगत. "खुडूक कोंबडीखालची अंडी काढतीस न्हवं, तसा. तिला कळता कामा नये."

हे मात्र अंबूबाईंना एका दमात कळलं. चार-सहा रविवारांत त्या माळभर गाडी फिरवू लागल्या. गावाकडून थोरले दीर दादासो आले होते, त्यांच्या कानावर हे गेलं. ओसरीवर बसून ते म्हणाले, "लाला, बाईमाणसानं मोटार हाकायची? लोक काय म्हनतील?"

"म्हनू देत. फौजेत मी बाया बघितल्यात, माझ्यापरास चांगली हाकायच्या."

"त्या गोऱ्या बाया."

"दादा, गाडीला कुठं कळतंय, पायाचा रंग कसला हाय ते?"

दादासोंनी पान जुळवलं आणि विषय सोडून दिला.

मग अठ्ठेचाळीस सालच्या शेवटी ते घडलं. मी तिथे नव्हते, पण अंबूबाईंनी मला ते इतक्या वेळा आणि इतकं जसंच्या तसं सांगितलं आहे की मलाही ते दिसतं.

ब्रह्मनाळच्या बाजूला, येरळा कृष्णेला मिळते तिथे ते शनिवारीच जाऊन राहिले होते. रविवारी सकाळी धुकं इतकं होतं की नदी नुसती ऐकू येत होती. जवळच एक गुऱ्हाळ लागलं होतं. त्याचा गोड वास धुक्यात मिसळून गाडीत भरला होता. अंबूबाई दारातल्या पायरीवर भाकरीचं पीठ मळत बसल्या होत्या. तेवढ्यात धुक्यातून ओरडा आला आणि मागोमाग पाच-सहा माणसं घोंगडीत एकाला घालून धावत आली. तो गुऱ्हाळात गूळ करणारा गुळव्या, सिद्धू. रसाची काहील उतरवताना त्याचा पाय घसरला आणि उकळता पाक दोन्ही पायांवर आला होता.

"मालक, मोटार हाय न्हवं तुमची? मिरजंला न्ह्या, आवं, मरंल ह्यो!"

लालासाहेबांनी क्षणभरही वाया घालवला नाही. घागरीतलं पाणी सिद्धूच्या पायांवर ओतलं, अंबूबाईंचं धुतलेलं लुगडं ओलं करून वर पसरलं, त्याला फळीवर निजवलं. हँडल मारून गाडी चालू केली आणि स्टिअरिंगच्या चाकामागे जाऊन बसले. मागून सिद्धू कण्हला, "आई गं... आई..."

गाडी हलली नाही.

अंबूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी बघितलं, नवऱ्याचे दोन्ही हात चाकावर घट्ट होते, नजर समोर धुक्यात. कपाळावर त्या थंडीत घाम. मागून पुन्हा आवाज आला, तसे त्यांचे खांदे वर चढले आणि तिथेच राहिले.

"आवं," अंबूबाईंनी हाक मारली. त्यांना ती ऐकू आली नाही.

"बाई, गाडी चालू हुती," त्या मला म्हणाल्या, "पन चालवनारा तितं न्हवताच. लय लांब गेलता कुटंतरी."

अंबूबाईंनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. "सरका. मागं जावा तुमी. त्याच्यापाशी बसा."

लालासाहेबांनी बायकोकडे असं बघितलं जणू ती नुकतीच तिथे उगवली आहे. मग ते मुकाट उतरले आणि मागे गेले. अंबूबाईंनी गोधडीची घडी पाठीशी घेतली, क्लच सोडला. माळ सोडून त्यांनी कधी गाडी चालवली नव्हती. आता समोर उसातली चाकोरी, पुढे सडक, सडकेवर बैलगाड्या, आणि सगळ्यांवर धुकं.

बारा-तेरा कोसांची ती वाट. पण अंबूबाई सांगताना भीतीबद्दल काही बोलत नसत. त्या सांगत त्या आवाजाबद्दल. पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये एक हातभर खिडकी होती. तिच्यातून त्यांना नवऱ्याचा आवाज येत होता. जो माणूस दिवसाला वीस शब्द बोलत नसे, तो थांबतच नव्हता.

"गाव कंचं तुजं? बैलं किती? पांढरा मारतो का रं? आरं, माझ्याकडं बघ. हिकडं बघ गड्या, डोळं मिटू नगंस. पाक किती उकळला म्हंजी गूळ चांगला पडतो, सांग की मला. मी शेतकऱ्याचा हाय, पन मला कुनी शिकवलंच न्हाई."

आणि सिद्धू कण्हत कण्हत सांगत होता. पाक बोटावर कसा घ्यायचा, पाण्यात टाकून गोळी कशी बघायची. झाडं धुक्यातून एकेक बाहेर येत होती आणि मागे जात होती. मागच्या बाजूला दोन पुरुष गुळाबद्दल बोलत होते. अंबूबाई म्हणत, "मला वाटलं, आमी तिघं असंच जात ऱ्हानार. मिरज येनारच न्हाई. आन् आली न्हाई तरी ह्यो मरायचा न्हाई, जवर ह्ये बोलत्यात तवर."

मिरज आली. मिशनच्या दवाखान्यात सिद्धूला आत नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, पाय वाचतील, जखमा भरायला दिवस लागतील.

दवाखान्याच्या पायरीवर दोघं बसली. धुकं जाऊन ऊन पडलं होतं. लालासाहेबांच्या सदऱ्याला गुळाचा चिकटा लागला होता. तो नखाने खरवडत ते बोलले.

"अंबू, साडेपाच वरसं मी म्होरं बसायचो. माझं काम गाडी हाकायची. मागं बघायचं न्हाई, थांबायचं न्हाई. नुसतं आवाज यायचं. मग एकेक आवाज बंद व्हायचा. पोचल्यावर दवाखान्यातली लोकं जखमींस्नी उतरवून घ्यायची, आन् मी गाडी धुवायचो. कुनाचं तोंड बघितलं न्हाई मी. आज पयल्यांदा बघितलं."

"कसं हुतं?" अंबूबाईंनी विचारलं.

"मानसाचं हुतं," ते म्हणाले, आणि मग चारचौघांत, दवाखान्याच्या पायरीवर, तोंडावर टॉवेल घेऊन रडले. अंबूबाई नुसत्या शेजारी बसून राहिल्या. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून वर चढत होती.

सिद्धू तीन महिन्यांनी घरी गेला. चालताना जरा फेंगडायचा, पण पुढच्या हंगामात पुन्हा काहिलीपाशी उभा राहिला. त्याने पाठवलेल्या ढेपेतला गूळ अंबूबाईंनी गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटला.

लालासाहेब त्यानंतर बोलके झाले असं नाही. पण कधी स्टोपाशी बसून एखादं नाव घेत, एखाद्या गावाचं, एखाद्या सोबत्याचं. अंबूबाई ऐकत. गाडी आता जाताना त्या चालवत आणि येताना ते. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत. त्यांतल्या दोघी-तिघींनी, समोरच्या घरातल्या दगडाबाईंनी तर सगळ्यांत आधी, मला हळूच विचारलं, "आमाला शिकवतील का हो त्या?"

एकोणपन्नास साली लालासाहेबांना साताऱ्याला नव्या सरकारी मोटारखात्यात नोकरी लागली. बिऱ्हाड हलवायला वेगळी गाडी करावी लागली नाही. श्रावणात मला साताऱ्याहून पत्र आलं, लालासाहेबांच्या हातचं, पण अंबूबाईंच्या तोंडचं:

"बाई, काल वाईच्या पुढं पसरणीच्या घाटात गेलो. अर्ध्या घाटात गाडी उभी केली आन् दारं उघडली, तर खाली गावबी न्हाई, नदीबी न्हाई, समदं पांढरं. ढग आत येऊन फळीवर बसला. मी चहा केला. तुमी असता तर लय बरं झालं असतं. ह्ये म्हनत्यात, ऊन पडंपत्तुर हितंच थांबू. ऊन काय पडलं न्हाई. आमी थांबलो."