रायबाची खोटी उत्तरं

वेल्हे तालुक्यातल्या पालीच्या वरच्या वस्तीवरचा रायबा मिसरूड फुटल्यापासून मोटारसायकल चालवतो. मागं बांधलेला बोकड, पुढं टाकीवर पेंडीचं पोतं, असा तो उतारानं निघाला की एसटीसुद्धा बाजू द्यायची. मान म्हणून नव्हे, बोकडाची शिंगं बाहेर यायची म्हणून.

लायसन त्याच्या आयुष्यात आलं ते शिवऱ्याजवळ, हायवेवर. पोलिसांनी लायसन मागितलं, रायबानं आधार कार्ड दाखवलं. ते चालत नाही म्हटल्यावर रेशनकार्ड काढलं. पोलिसांनी पावती फाडली आणि पुढच्या वेळी गाडी ठेवून घेऊ, असं बजावून त्याला बोकडासकट सोडलं.

म्हणून भोरला आरटीओच्या कॅम्पाला जाऊन लर्निंगची परीक्षा देणं आलं. रायबा बिनघोर कम्प्युटरपुढं बसला. रस्त्यात जनावरांचा कळप आला तर काय कराल? आता, आपल्या शेरडांसाठी कधी कुणी गाडी थांबवल्याचं त्याला आठवेना. त्यानं ‘हॉर्न वाजवाल’ निवडलं. अरुंद घाटात आधी वाट कुणाला, चढणाऱ्याला की उतरणाऱ्याला? रायबाच्या अनुभवानं ती मोठ्या गाडीला असते. ते उत्तर पडद्यावर शोधता शोधता वेळ संपली. शेवटी लाल अक्षरांत ‘अनुत्तीर्ण’ आलं.

घरी बायको, अंबूबाई, शेळीची धार काढत होती. त्यानं सगळी उत्तरं सांगितली तशी ती इतकी हसली, की शेळी बिचकून बाजूला झाली.

“तुमी खरं सांगितलं व्हय?” ती म्हणाली. “परीक्षेत खरं कशाला सांगायचं? त्यास्नी आवडंल ते सांगा. लग्नाच्या टायमाला माझ्या बापाला सांगितलं व्हतं, तसं.”

रायबानं तळहातावर मळलेली तंबाखू तोंडात टाकली. तंबाखूला आपण हातसुद्धा लावत नाही, असं त्यानं तेव्हा सासऱ्याला सांगितलं होतं, आणि मुलगी मिळाली होती.

पुढच्या खेपेला अंबूबाई सोबत आली आणि बाहेर बाकड्यावर बसून राहिली. आत रायबानं एकच धोरण ठेवलं: वेल्ह्यातला कुणी माणूस जे चुकूनही करणार नाही, ते उत्तर द्यायचं. कळप आला, थांबू. रस्ता मोकळा आहे पण सिग्नल लाल आहे, थांबू. मागं बसणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं का? घालायचंच.

रायबा पास झाला. बाहेर येऊन छाती काढून त्यानं बायकोला एकेक थाप ऐकवली. हेल्मेटाची थाप ऐकून अंबूबाई उठलीच.

“मग चला दुकानात. सरकारला शबूद दिलाय तुमी.”

दोन हेल्मेटं घ्यायला त्याचा जीव होईना. एक घेतलं, लालभडक. अंबूबाईनं ते दुकानातच पदरावरून चढवलं आणि पुन्हा काही काढलं नाही. रायबानं डोक्याला टॉवेल गुंडाळला.

पार वस्तीपर्यंत तो कुरकुरत गाडी चालवत होता. हेल्मेटात अंबूबाईला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. ती मजेत होती.