मधुकररावांनी पुसून टाकलेलं दृश्य

मधुकररावांची आणि माझी ओळख मंगरूळपीरच्या माझ्या फोटो स्टुडिओत झाली. शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले सर आत आले आणि म्हणाले, "लग्नाच्या शूटिंगा लय झाल्या. आता माह्या पिक्चरचा कॅमेरा तुमी धरा."

त्या चित्रपटात एक भजनी, एक जीपवाला आणि एक बडतर्फ तलाठी, एरवी एकमेकांचं तोंडही न पाहणारे तिघे, विम्याच्या पैशासाठी एक बेवारस प्रेत किसन नावाच्या माणसाचं म्हणून खपवू पाहतात. प्रेताचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं होतं. डाव्या भुवईवर त्यांनी जुन्या जखमेचा व्रणही रंगवून घेतला.

आसेगावजवळच्या माळावर भर दुपारी तिरडीचं दृश्य चाललं होतं. आम्ही हसू दाबत होतो. तेवढ्यात बघ्यांमधून एक म्हातारी पुढे आली, तिरडीशी बसली आणि सरांच्या भुवईवरून बोट फिरवत म्हणाली, "किसना, बैलानं मारलेलं अजून दिसते रे. इतके वर्सं कुठी होता?"

तिचा किसन तरुणपणीच घरातून निघून गेला होता, हे आम्हाला नंतर कळलं. सरांचं तर त्या गावात कोणीच नव्हतं.

मिटल्या डोळ्यांनीच सर म्हणाले, "माय, घरी चाल." अंगावरच्या गुलालासकट ते तिच्यामागे गेले. मीही गेलो. चुलीजवळ दोन ताटं आधीच वाढून ठेवलेली होती. सर तिच्याशेजारी बसून जेवले.

माळावरचा कॅमेरा सुरूच राहिला होता. निर्माते म्हणाले, "हाच सीन पिक्चर चालवते."

"त्या माउलीले तिकिटावर नाही दाखवाचं," सर म्हणाले आणि माझ्यासमोर त्यांनी ते दृश्य पुसून टाकलं. निर्मात्यांनी अंग काढून घेतलं. सरांनी घरासाठी घेतलेला प्लॉट विकून चित्रपट पुरा केला.

व्रण कसा सुचला, असं मी एकदा विचारलं. "मले ठाऊक नाही," ते म्हणाले, "पुन्हा ईचारू नका."

पुढे दर महिन्याला ते तिची औषधं घेऊन आसेगावला जात. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. शेजाऱ्यांनी काही न विचारता मडकं सरांच्या हाती दिलं आणि सर पुढे चालू लागले.

आज पंचाहत्तरीतही ते नवी पटकथा लिहीत आहेत. त्यातली माणसं तयार आहेत, पण त्यांना नावं द्यायला सर अजून धजत नाहीत. त्या सगळ्यांना नावं मिळेपर्यंत, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, सरांची प्रकृती ठणठणीत राहो.