वखारीतलं विरजण

आक्का चीजच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवायची. खोली तिचीच, कुलूपही तिनंच काढलेलं, आत चिटपाखरू नाही. तरी बाई दोनदा कडी वाजवणार, जरा थांबणार, मान हलवणार आणि मगच उंबरा ओलांडणार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, "आक्का, आत कोण सासूबाई बसल्यात काय तुझ्या?"

"सासूला कोण इचारतंय? लेक हाय आत. तरण्या पोरीच्या खोलीत असं धाडकन शिरू न्हाई."

माझं हसू तिथल्या तिथं विरलं. लेकीला, आमच्या चिमीला, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

आक्का माझ्या माहेरची, चाकणजवळच्या खेड्यातली. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन थेरगावला आले, तिला गावातच दिली. जमीन बरीचशी कंपन्यांत गेली. घरामागचा तुकडा, कांद्याची रिकामी वखार आणि शेळ्या एवढं उरलं. चिमी दुधाचं शिक्षण घेऊन आली आणि तिनं त्या वखारीत ओली गोणपाटं टांगून शेळीचं चीज करायला घेतलं. हॉटेलवाले हौसेनं घ्यायचे. एकदा असाच माल पोचवायला स्कूटीवर गेली आणि हायवेला कंटेनरखाली आली. सकाळी तिनं विरजण लावलेलं दूध घरी तसंच भांड्यात होतं.

आता हे विरजण काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. चीज फडक्यात बांधून टांगलं की खाली पाणी निथळतं. त्यातलं वाटीभर राखायचं आणि उद्याच्या दुधात घालायचं. उद्याचं परवाच्या. असं ते चालत राहतं. खंड पडला की संपलं. चिमी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात माणसं रडत असताना, आक्का उठली आणि शेळ्यांची धार काढायला बसली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, "अगं, सुतकात हे काय मांडलंस?" आक्का म्हणाली, "पोरीनं लावलेलं हाय. तिचा हात अजून चालू हाय त्यात. मी थांबवू व्हय?" आयुष्यात कधी चीज न केलेली बाई ती! पण केलं. पहिले काही दिवस बिघडलं, शेळ्यांनाच चारलं, मग जमलं. वर्ष होत आलं तशी मीही थेरगावहून तिच्या सोबतीला जाऊन राहायला लागले.

गावात चेष्टा व्हायचीच. शेजारचा एकजण कंपनीतून शिफ्ट संपवून येताना हटकून विचारायचा, "आक्का, ते नासलेलं पनीर कसं दिलं?" आक्का म्हणायची, "तुला फुकट दिलं तरी वाया जाईल रं. गुटख्यानं जिभेचं पायताण झालंय तुझ्या." मग स्वतःच हसत त्याच्या हातावर तुकडा ठेवायची. तो तोंड वाकडं करून खायचा आणि उद्या परत उभा.

रोज सकाळी पहिला तुकडा ती स्वतः चाखायची. डोळे मिटून. मग सांगायची, "आज खुशीत हाय," नाहीतर, "आज रुसलीय बया." मी मनात म्हणायचे, माय आहे, म्हणू दे. पण एक दिवस ती तुकडा थुंकून बाहेर आली. "काळीचं दूध घेऊ नगं म्हणती." काळी म्हणजे सगळ्यात दुभती शेळी, चांगली उड्या मारत होती अंगणात. दिवेलागणीला तिची कास दगडासारखी झाली आणि ती चारा खाईना. आता जुन्या जिभेला दुधातला फरक कळला असेल, असं मी आजही म्हणते. म्हणते खरी. पण "म्हणती" हा शब्द काही केल्या जात नाही डोक्यातून.

आणि शेळ्यांचं एक. भर दुपारी, पलीकडच्या कंपनीचा भोंगा झाला की अंगणातल्या सगळ्या शेळ्या वखारीच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. रवंथसुद्धा थांबलेला. "त्या येळेला ती जेवायला बाहेर यायची," आक्का सांगायची, "त्यास्नी पाला टाकायची." मी पाठ फिरवून भांडी घासत बसायचे. मला नाही बघवायचं ते.

पुढे काही वर्षांनी आक्काच्या पोटात गाठ निघाली. पिंपरीला दवाखान्यात ठेवलं तिला, आणि शेळ्या नि विरजण माझ्यावर आलं. मला वाटलं, सांगेल की बाई, जप. पण तिनं माझा हात धरला.

"शालन, ते विरजण नदीत सोड. भांडी उकळ, फळ्या उन्हात घाल. काय म्हणून ठेवू नगं."

"अगं, इतकी वर्षं जपलंस!"

"म्हणूनच. मी गेले म्हंजे ती एकटी ऱ्हाईल त्या वखारीत. दार वाजवणारं बी कुणी नसंल. तिला मोकळी कर."

मी केलं. वाटी भामा नदीत सोडली. फडकी, साचे, भांडी उकळली. फळ्या, गोणपाटं उन्हात टाकली, वखार धुऊन काढली. शेळ्यांची धार तर काढावीच लागते. ते दूध तापवलं, झाकण घट्ट लावलं, वर दगड ठेवला आणि गारव्याला म्हणून वखारीत ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर दूध विरजून लागलं होतं. नासलं नव्हतं बरं का. पांढरंशुभ्र, कापावं असं, वर बोटभर पाणी आणि तोच चिमीच्या चीजचा कोवळा आंबूस वास. कुणी म्हणेल, ते लाकडात मुरलेलं असतं, भिंतीत असतं. असेल. मी मात्र त्या वखारीत बसून राहिले नाही.

आक्का जायच्या आदल्या दिवशीची ही गोष्ट. दुपारी दवाखान्यात पोचले. सांगावं की सांगू नये, वाटभर मनाशी भांडत आले होते. तिनं विचारलंच, "सोडलंस?"

"सोडलं. पण आक्का, दूध लागलं. काही न घालता."

मला वाटलं घाबरेल, रडेल. पण तिचा चेहरा सैल झाला. इतका सैल मी चिमी गेल्यापासून पाहिला नव्हता.

"म्हंजे वाटीत नव्हतीच की गं ती. म्यांच उगा समजत हुते, माझ्यामुळं अडकलीय. मग ती कुठंबी यील."

असं म्हणून तिनं दाराकडे पाहिलं, आणि सगळं दुखणं अंगात असताना कण्हत कण्हत कॉटच्या कडेला सरकली. एका माणसाची जागा झाली. नर्स धावत आली. "आजी, मधे या, पडाल!"

"न्हाई पडत. घोरायला लागली तर उठवीन तिला."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी पायाशी घडी करून ठेवलेली चादर उलगडली आणि दोघींवर घातली.