भाकरीचे डोहाळे

“उपाशी कोन हाय गं इथं?”

कुठंही गेलं की काकू आधी हे विचारायच्या. देवळात, एस्टी स्टँडवर, लग्नातसुद्धा. उत्तर मिळायच्या आत त्यांचा हात पिशवीत गेलेला असायचा. भिंगारला त्या आमच्या शेजारी राहायच्या. काका लष्कराच्या बागेत माळी, घरात दोघंच.

बहात्तरचा दुष्काळ होता. गावाकडची सगळी माणसं आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिली होती. मी नवी सून, पाचवा महिना लागलेला, आणि जेवायला शेवटची. सासूबाई वाईट नव्हत्या हो! पण माझ्यापर्यंत येईतो टोपलीत चतकोरच उरायची. मागणार कुणाकडं? बाळ पोटात हललं की आनंदाआधी भीतीच वाटायची, हे जगेल ना?

एका रविवारी काकू-काकांनी मला चांदबिबीच्या महालावर नेलं. तुम्ही गेला असाल तर ठाऊक असेल, वरून सगळं नगर दिसतं. काकूंनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना दिसली बरगड्या निघालेली कुत्री, एक मरतुकडं वासरू आणि खाली खडी फोडणाऱ्या बायांची पोरं.

“अगं, महाल बघायला आलीस का पंगत वाढायला?” काका वैतागले.

“महाल कुठं पळून चाललाय?” म्हणत त्यांनी पोरांना चटणी-भाकरी दिली, वासराला भाजीचे देठ घातले. कुत्र्यांनाही दरडावलं, “रांगेत या रे! लगीनघर हाय का हे?”

पोरं खात होती आणि माझी नजर त्यांच्या हातांवरून हलेना. लाज वाटत होती, तरी हलेना.

काकूंनी ते पाहिलं. शेजारी बसल्या आणि उरलेली भाकरी माझ्या पदरात टाकली. “कुत्रं निदान दारात येऊन भुंकतं. तुला तेबी येत न्हाई व्हय गं, बये?”

मी रडत रडत सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्या घरी हजर. मला वाटलं, आता या सगळं बोलणार आणि माझी काही धडगत नाही!

“वैनी,” त्या सासूबाईंना हसत म्हणाल्या, “तुमच्या सुनेला माझ्या हातच्या भाकरीचं डोहाळं लागल्यात. बाळंत हुईपर्यंत रोज दुपारी धाडा. न्हाई म्हनू नगा.”

डोहाळ्यांना नाही कोण म्हणणार? सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना सगळं कळलं होतं.

लेक झाली, चांगली गुटगुटीत. पुढं काकांची बदली झाली आणि ती दोघं कुठं गेली ते कळलंच नाही. लई शोधलं.

परवा नातीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा लेकीनं विचारलं, “आई, माझ्या वेळी तुला कसले डोहाळे लागले होते गं?”

“शेजारच्या काकूंच्या भाकरीचे.”

तेव्हा ते खोटं होतं. आता या वयात खरोखर लागलेत.