कथबर्टचं घर आणि एनिडची लीक

आमच्या डरहॅमकडच्या खाणीच्या गावात माणूस कसा आहे ते त्याच्या लीकवरून ठरतं. कांद्याच्या कुळातली, पण माणसाच्या दंडाएवढी जाड अशी ही भाजी. सप्टेंबरात क्लबात तिचं प्रदर्शन भरतं, घेर मोजून नंबर लागतात.

माझा जुना शेजारी कथबर्ट ट्वेडल ह्या लीकपायीच बहिणीला, एनिडला, दुरावला. अकरा वर्षांमागे प्रदर्शनाच्या सकाळी तिच्या लीकचा वरचा पदर जरा फाटलेला त्याला दिसला. बहिणीला मदत म्हणून ह्यानं तो सोलून टाकला. घेर घटला, पहिला नंबर केसभरानं हुकला. एनिडनं बोलणंच टाकलं. हा गेला दूर लिव्हरपूलला, तिथं एका टोळीसाठी चोरीच्या मालाची गाडी हाकली आणि दीड वर्ष आत बसून आला.

सुटल्यावर आला तो थेट माझ्या दारात, हातात एक पिशवी. मी त्याला घेऊन कौन्सिलच्या घरांच्या कचेरीत गेलो. तिथल्या नॅट्रसबाई भल्या. त्या म्हणाल्या, बेघर माणसाला, त्यातून तुरुंगातून आलेल्याला, मदत करणं आमचं कामच आहे. पण ह्याचा ह्या भागाशी संबंध हवा. अकरा वर्षं बाहेर, आणि तुरुंगातला मुक्काम धरत नाहीत. संबंध दिसला नाही तर प्रकरण लिव्हरपूलला जाईल. इथं सख्खं कुणी आहे का?

कथबर्ट बुटांकडे बघत बसला. लिव्हरपूलला पाठवलं तर तीच जुनी टोळी त्याची वाट बघत होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक.

मी तडक एनिडच्या वाफ्यावर गेलो. ती लीकला पाणी घालत होती. सगळं ऐकलं, झारी ठेवली, अंगावरचा मळका कोटसुद्धा न काढता माझ्याबरोबर निघाली.

नॅट्रसबाईंनी विचारलं, तुमचं ह्यांच्याशी जाणं-येणं आहे का?

"अकरा वर्षांत एक शब्द बोलले नाही," एनिड म्हणाली.

बाईंचं पेन थांबलं.

"लिहा बाई. परक्याचा राग कुणी अकरा वर्षं धरतं का? सख्खा भाऊ आहे, म्हणून धरला. तो इथं, माझ्या डोळ्यांसमोर राहिला पाहिजे." मग त्याच्याकडे वळून, "आणि तू रे मेल्या, काय वाळलायस. तिथं जेवायला घालत नव्हते?"

"घालत होते ताई. लीकचं सूप."

"सोलून?"

नॅट्रसबाई तोंडावर कागद धरून हसत होत्या. नातं दाखवायला दोघांच्या जन्माचे दाखले दुसऱ्या दिवशी आले, आणि महिन्याभरात कथबर्टला पोस्टाच्या वरची खोली मिळाली. चुलीशेजारी खिडकी, खिडकीतून एनिडचा वाफा सरळ दिसतो.

परवा प्रदर्शनाला एनिडची लीक त्यानंच छातीशी धरून आणली. ती मागून चालत होती, डोळे त्याच्या बोटांवर. टेबलावर ठेवली तेव्हा म्हणाली, "आता हात खिशात."

त्यानं घातले. नव्या खोलीची किल्ली खिशात वाजली, मला ऐकू आली.