आपोआप फिरणारं बटण

पंजाबरावांच्या हाती लागलेली वस्तू न उघडता राहिली, असं कामरगावात कोणी सांगणार नाही. एसटीत ड्रायव्हर होते तेव्हा गाडी बंद पडली की मेकॅनिक यायच्या आत हेच बॉनेटमध्ये डोकं घालून उभे. निवृत्तीनंतर घरचा मिक्सर, शेजारच्या हिरीबाईचा टीव्ही, समाजमंदिरातलं भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांची पोटं त्यांनी उघडून पाहिली. बहुतेक वस्तू पुन्हा चालूही झाल्या. घड्याळ तेवढं अजून पिशवीत आहे.

त्यांची बायको बेबीताई भीमगीतं गाते. तिची स्वतःची गायन पार्टी आहे, आणि त्या पार्टीत पंजाबराव इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम सुरू झाले की उन्हाळा संपेपर्यंत गावोगाव फिरणं. गिटारची वायर सरळ स्पीकरला जात नाही. मध्ये एक पेटी असते, तिला वाजवणारे प्रोसेसर म्हणतात. साध्या तारेचा आवाज ती घुमवते, लांबवते, फाडते, पाहिजे तसा करून देते. आता हे गिटारवाले सगळ्या जगात उभे राहून वाजवतात आणि पेटी बुटाने दाबतात. गायन पार्टीत सगळे सतरंजीवर मांडी घालून बसतात. तेव्हा पंजाबरावांची पेटी उजव्या गुडघ्याजवळ असायची आणि पेटीच्या पलीकडे माइक घेऊन बेबीताई.

ही जुनी पेटी दोन वर्षांपासून एक चमत्कार करत होती. पंजाबराव कार्यक्रमाआधी ट्रेबलचं, म्हणजे आवाजाच्या धारेचं, बटण पुरतं फिरवून ठेवायचे. कार्यक्रम संपला की ते अर्ध्यावर आलेलं असायचं. आपोआप! दुसऱ्या कोणी सोडून दिलं असतं, पण हे पडले पंजाबराव. त्यांनी पेटी उघडली, बटण घट्ट केलं, बिब्ब्याने खूण केली. पुढच्या गावी बटण पुन्हा अर्ध्यावर.

"स्पीकरच्या दणक्यानं फिरत असन," ते म्हणाले.

"असन," बेबीताई म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

शेवटी त्यांनी ठरवलं, नवा छोटा प्रोसेसर घ्यायचा. बसस्टँडजवळच्या अशफाकच्या साउंडच्या दुकानात दोन आलेले होते. एक काळा, एक लाल. दोन्ही इतके लहान की जेवणाच्या डब्याच्या पिशवीत मावतील. अशफाक जुना माणूस, पार्टीचे स्पीकर त्याच्याचकडचे. "दोन्ही घेऊन जा भाऊ, आठ दिवस वाजवून पाहा," तो म्हणाला. पंजाबरावांना दुसरं काय हवं होतं?

ते आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. काळ्याला बटणंच नाहीत, नुसती काच. बोट लावलं की आवाज बदलतो, मोबाइलशीही जोडता येतो. शिवाय आत बॅटरी, त्यामुळे जनरेटरची घरघर आवाजात उतरत नाही. पण उन्हात अंगणात नेला तर काचेवर स्वतःचं तोंड दिसायचं. लालला चार गोल बटणं. आवाज मोजकेच, अॅडॉप्टर लावावा लागतो, पण डोळे मिटूनही चालवता येतो. पंजाबरावांनी फोनवर परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहिले. भाषा कळत नव्हती तरी तोंडावरून अर्थ लावला. खाली एका पोरानं हिंदीत लिहिलं होतं, काळ्याचं ट्रेबल काचेसारखं साफ आहे, लालचं दबलेलं. त्यांनी दोन्ही वाजवून पाहिले. फरक कुठे होता? तर कुठेच नाही! फोनवाले थापा मारतात, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांची खरी परीक्षा वेगळीच होती आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. बेबीताईचा श्वास वरच्या सुरावर आताशा तुटायचा. तिथे पंजाबराव तोच सूर गिटारवर धरायचे आणि घुमवून लांबवायचे, म्हणजे तिचा आवाज कुठे थांबला ते कळू नये. तिला कळलं तर ती खचेल, ही भीती. म्हणून कोणत्या पेटीत सूर जास्त टिकतो, हे ते पुन्हा पुन्हा तपासत होते. तिथे काळा सरस होता. आणि त्याला बटणंच नाहीत म्हटल्यावर आपोआप फिरण्याची भानगडही मिटली.

"काळा घेतो," ते म्हणाले.

"लाल घ्या," बेबीताई म्हणाली. "फिरवाच्या बटनाचा."

"काहून?"

"मले थोच आवडला."

पेटीतलं ओ की ठो न कळणारी बाई बटणांसाठी का अडून बसली, हे कोडं पंजाबरावांना झोपेपर्यंत सुटलं नाही. सकाळी दोन्ही पेट्या आणि गिटार घेऊन ते अशफाककडे गेले.

"दोन्ही सारखेच वाजतात बाबू," ते म्हणाले. "मंग कोणता घेऊ?"

"सारखे?" अशफाक हसला. "भाऊ, जमीन-अस्मानचा फरक हाय. पाठ फिरवून बसा अन् वाजवा. मी वायर बदलतो, तुमी सांगा कोणता हाय."

पंजाबराव दुकानात मांडी घालून बसले. वाजवलं, सांगितलं, चुकलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकलं. चार-पाचदा तेच. अशफाकचं हसू कमी झालं.

"एक काम करू," तो म्हणाला. "लालचं ट्रेबल फिरवतो. आवाज बदलला की हात वर करा."

पंजाबराव वाजवत राहिले. वाट पाहिली. मग वैतागले. "अरे फिरव ना!"

"फिरवलं भाऊ," अशफाक हळू म्हणाला. "पुरं फिरवलं."

त्यांनी मागे वळून पाहिलं. अशफाकचं तोंड चिंच खाल्ल्यासारखं झालं होतं. दारात गावातली गोमतीबाई चार्जर दुरुस्त करून न्यायला आली होती, तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. पंजाबरावांनी तारांवरचा हात काढला.

जन्मभर एसटीचं इंजिन डाव्या बाजूला बोंबलत होतं. कानांनी कधीतरी हिशेब चुकता करायचाच होता. बारीक, धारदार आवाज त्यांच्यासाठी संपले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. ऐकू येत नाही म्हणून ते ट्रेबल वाढवत गेले. मग इतक्या गावांत लोकांनी कानांवर हात का नाही ठेवले? हा प्रश्न मनात आला आणि उत्तर त्याच्या पाठोपाठ आलं. बटण दणक्याने फिरत नव्हतं. पेटीच्या पलीकडे बेबीताईचा डावा हात होता.

आधी लाज वाटली, मग राग आला. दोन वर्षं!

घरी बेबीताई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. सूप हलत होतं. त्याचा आवाज आपल्याला येत नाही, हे पंजाबरावांना आज पहिल्यांदा जाणवलं.

"बटन आपोआप काहून फिरते, सापडलं मले," ते म्हणाले.

सूप थांबलं.

"तुह्या हातानं फिरते."

"मंग काय करू?" बेबीताई म्हणाली. "पयल्यांदा म्होरचे लोकं कान झाकून राह्यले होते."

"मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं दुसऱ्या दिवशी तुमी गिटार खुटीले टांगली असती."

ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून आणखी झोंबलं. "तरी सांगाले पायजे होतं. मी काय परका हाओ?"

बेबीताईने सूप खाली ठेवलं. "अन् तुमी मले सांगतलं काय? वरच्या सुरात माहा दम तुटते अन् तुमी थो सूर गिटारवर ओढता. मले समजत नाई वाटलं तुमाले?"

ही गोष्ट आपल्यालाच माहीत आहे, असं पंजाबराव समजून होते. त्यांनी कपाळावर हात मारला. मग बेबीताईला हसू फुटलं, आणि तिचं पाहून त्यांनाही.

"कोणता आणला?" तिने विचारलं.

त्यांनी पिशवीतून लाल पेटी काढली.

त्या आठवड्यात मेडशीला कार्यक्रम होता. स्टेजवर बसल्यावर पंजाबरावांनी पेटी आपल्या गुडघ्यापासून उचलली आणि बेबीताईच्या बाजूला सरकवली. ट्रेबलच्या बटणाला त्यांनी हात लावला नाही. गाणं वरच्या सुराशी आलं. एरवी बेबीताई तिथे दम तुटेपर्यंत झटायची. त्या दिवशी ती अर्ध्यातच थांबली, तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि सूर त्यांच्यावर सोडून दिला. पंजाबरावांनी तो उचलला, लांबवला. लोक टाळ्या वाजवत होते. बेबीताईने सगळ्यांदेखत हात पुढे केला, बटण थोडं मागे फिरवलं आणि आता बरोबर आहे म्हणून मान हलवली.