टाकलं म्हणजे मिसळलं न्हवं

कुणी नवीन भेटलं की शेळके साहेब नाव विचारायच्या आधी त्याच्या हातात एक करडा खडा ठेवत. नगरच्या एमआयडीसीतल्या आमच्या पोलाद कारखान्यात ते भट्टीखात्याचे प्रमुख होते. मी प्रयोगशाळेत रुजू झाले त्या दिवशी तो माझ्याही हातात आला. सुपारीएवढाच, पण वजनाला चांगला जड.

"फेरोनायोबियम," ते म्हणाले. "मूळची ब्राझीलची माती हाय ही, ताई. दळली, पान्यात फेस करून कामाची तेवढी वेगळी काढली, मग लोखंड आन् अ‍ॅल्युमिनियमची पूड घालून पेटवली. पोलादात टनाला मूठभर टाकायचं. दाना बारीक ऱ्हातो, मग ते ओढ सोसतं, तुटत न्हाई."

भाव विचारला की हसत. "खानी बोटावर मोजन्याइतक्या. आमच्या घोडेगावच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा व्हायचा, तसंच हे. ठरलं ते दोघांनाच ठावं."

त्यांच्याइतका संशयी माणूस मी पाहिला नाही. चहात साखर घातलीय म्हटलं तरी चमचा फिरवून बघत आणि म्हणत, "टाकलं म्हणजे मिसळलं न्हवं." आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो.

एकदा ऊस हंगामाच्या तोंडावर ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्यांसाठी पोलाद चाललं होतं. भट्टीवाल्या पोरांनी घाईत फेरोनायोबियमच्या चुऱ्याची पिशवी ओतली, ती वितळलेल्या पोलादाच्या रसावर तरंगणाऱ्या स्लॅगच्या, म्हणजे मळीच्या थरावरच. बरीचशी पूड तिथेच अडकली. पिशवी रिकामी, पण माझ्या तपासणीत नायोबियम जेमतेम निघालं. गिऱ्हाइकाची गाडी दारात उभी होती.

"साहेब, चिमूटभर कमी पडलं तर कुणाला दिसणार आहे?" कारखान्याचे मालक शेठ म्हणाले.

"दिसायचं न्हाई, शेठ. तेच वाईट हाय. दांडा तुटंल तवा मागं मोटारसायकलवर कोन असंल, ते तरी आपल्याला कुठं दिसनार हाय?"

साहेब हटले नाहीत. तो माल साध्या पोलादाच्या भावात गेला. गिऱ्हाईक थांबलं नाही, त्याने ऑर्डर दुसरीकडे दिली. निवृत्तीनंतरही साहेबांना कामावर ठेवायचं शेठनी कबूल केलं होतं, तो विषय पुन्हा निघाला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तितकंच वाईटही. कारखान्याबाहेर त्यांना करमणार नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षी ते गेले. त्याआधी घोडेगावला एकदाच भेट झाली. रस्त्याकडेला चहा पीत उभे होतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला. साहेबांची नजर थेट दांड्यावर गेली.

"साहेब, आपण तो माल दांड्यांसाठी दिला नाही, बरंच झालं," मी म्हणाले.

त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"दांडे तर दुसरीकडं झालेच की, ताई. त्यात कुनी काय मिसळलं, कोन जाने. मागं व्हा."